लखोट्यावरचा पत्ता मॉडेलला लिहू न दिल्याबद्दल

स.न.वि.वि.

स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट सेवेचे एजंट टूलकिट (एआय मॉडेलवर चालणाऱ्या एजंटला स्ट्राइपची कामे करू देणारा कोड) लिहिणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या मंडळींनो, हे आभारपत्र एका अगदी लहान सोयीसाठी आहे. टूलकिटच्या कॉन्फिगरेशनमध्ये तुम्ही 'कॉन्टेक्स्ट' नावाचा कप्पा ठेवलात आणि त्यात 'अकाउंट' लिहायची सोय केलीत. कोडमध्ये ती एक ओळ भरते. पण अनेक विक्रेत्यांचे पैसे एकाच प्लॅटफॉर्मवरून फिरवणाऱ्यांना तिची किंमत चांगलीच ठाऊक आहे.

प्लॅटफॉर्मकडे स्ट्राइपची गुप्त 'की' (पासवर्डसारखी किल्ली) एकच असते आणि विक्रेते असतात शेकडो. प्रत्येकाचे स्वतःचे कनेक्टेड अकाउंट, म्हणजे प्लॅटफॉर्मला जोडलेले स्ट्राइप खाते. एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या स्ट्राइपच्या दाराला, पाठवलेली विनंती कोणाच्या वतीने आहे हे तिच्यासोबत जाणारा 'स्ट्राइप-अकाउंट' हा हेडर सांगतो. विनंतीच्या आतला मजकूर, म्हणजे रक्कम, चलन, वस्तूचे नाव, तोच राहतो. हेडर म्हणजे लखोट्यावरचा पत्ता. पत्ता चुकला तरी पत्र पोचते, फक्त भलत्याच घरी.

टूल म्हणजे मॉडेलला करता येणारे एकेक काम, आणि पॅरामीटर म्हणजे त्यासाठी मॉडेलने भरायचे रकाने. हा पत्ता टूलच्या पॅरामीटरमध्ये ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो: मॉडेल बाकीचे रकाने भरतेच आहे, तर खाते क्रमांकही भरू दे. इथेच घात होतो. अर्थहीन अक्षरे-आकडे नकलताना मॉडेल कधी एखादे अक्षर बदलते, कधी संभाषणात आधी आलेला दुसराच क्रमांक उचलते. त्याहून वाईट म्हणजे, एखाद्या ग्राहकाने बिलाच्या टिपेत 'पुढची लिंक या खात्यावर बनवा' असे लिहिले, तर मॉडेलच्या दृष्टीने तीही एक सूचनाच ठरू शकते. तुमच्या रचनेत खाते हा टूलचा पॅरामीटरच नाही. मॉडेलला तो रकाना दिसत नाही, म्हणून त्याला कोणी फसवले तरी पत्ता बदलत नाही. लॉगिन झालेल्या सेशनवरून विक्रेता ओळखायचा, त्याचा क्रमांक आपल्या डेटाबेसमधून काढायचा आणि कॉन्टेक्स्टमध्ये घालायचा. मॉडेल या वाटेत कुठेच नाही.

दुसरा फायदा साखळीत दिसतो. पेमेंट लिंक बनवायला एजंट सहसा तीन टूल ओळीने वापरतो: प्रॉडक्ट, मग प्राइस, मग लिंक. तिन्ही एकाच खात्यात व्हायला हवीत, कारण एका खात्यातली प्राइस दुसऱ्या खात्यातून दिसत नाही; 'अशी प्राइसच नाही' अशी त्रुटी येते. माणूस तिथे थांबतो. एजंट मात्र उत्साही. तो त्रुटी वाचून नवे प्रॉडक्ट आणि नवी प्राइस बनवून मोकळा होतो, आणि यादीत एकाच वस्तूच्या दुहेरी नोंदी साचत जातात. कॉन्टेक्स्ट टूलकिटच्या पातळीवर असल्यामुळे तिन्ही विनंत्यांना तोच हेडर लागतो.

तुमची सोय वापरताना कुठे ठेच लागते तेही नोंदवतो, वाचणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडेल.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे रिकामे खाते. डेटाबेसने काहीच दिले नाही, किंवा 'अकाउंट'च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचे तिकडे झाले, की हेडर लागतच नाही. त्रुटी येत नाही. विनंती प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या खात्यावर जाते आणि यशस्वी होते! विक्रेत्याची ₹500 ची लिंक बनते (रक्कम पैशांत, म्हणजे 50000), ग्राहक पैसे भरतो आणि ते प्लॅटफॉर्मच्या शिलकीत पडतात. म्हणून टूलकिट उभे करण्याआधी दोन ओळींची तपासणी हवी: खाते क्रमांक आहे का, आणि तो 'acct_' ने सुरू होतो का. नसेल तर तिथेच थांबायचे. चुकीचा पण भरलेला क्रमांक तुलनेने बरा. की ला त्या खात्यावर अधिकार नाही असे सांगून स्ट्राइप विनंती नाकारते. अर्थात तो क्रमांक आपल्याच दुसऱ्या विक्रेत्याचा नसेल तर.

दुसरी चूक सर्व्हर चालवणाऱ्यांची. टूलकिटचे ऑब्जेक्ट एकदाच बनवून सगळ्यांसाठी वापरायचे आणि दर विनंतीला आतला कॉन्टेक्स्ट बदलायचा, हे एका वेळी एकच माणूस असेपर्यंत चालते. दोघे एकदम आले की पहिल्याचा एजंट मॉडेलच्या उत्तराची वाट पाहत असताना दुसरा खाते बदलून जातो. दर सेशनला नवे ऑब्जेक्ट बनवावे. एमसीपी सर्व्हर (मॉडेलला टूल पुरवणारा प्रोग्रॅम) आपल्याच संगणकावर सुरू करतानाही खाते देता येते, पण तिथे एक प्रोसेस म्हणजे एक खाते असा हिशेब आहे. स्वतःच्या टेबलावर काम करायला ते छान, शंभर विक्रेत्यांना पुरणारे नाही.

हेडर सगळीकडे लावायचा नसतो, हेही अनेकांच्या नजरेतून सुटते. डायरेक्ट चार्जमध्ये तो हवा, कारण व्यवहार विक्रेत्याच्या खात्यावर घडतो. डेस्टिनेशन चार्ज मात्र प्लॅटफॉर्मच्या खात्यावर बनतो आणि विक्रेत्याचा क्रमांक मजकुरात 'ट्रान्स्फर डेटा'खाली जातो. तिथे कॉन्टेक्स्ट भरला तर चार्ज भलत्या खात्यावर बनवायचा प्रयत्न होतो.

वेबहुकवरून, म्हणजे काही घडल्यावर स्ट्राइपने आपल्या सर्व्हरला पाठवलेल्या संदेशावरून, जागा होणारा एजंट असेल, तर कनेक्टेड अकाउंटच्या इव्हेंटमध्ये (अशा संदेशात) वरच्याच पातळीवर 'अकाउंट' असते. सही तपासून झाल्यावर तेच कॉन्टेक्स्टमध्ये घालावे.

चाचणी सोपी आहे. टेस्ट की (खरे पैसे न हलवणारी चाचणीची किल्ली) घेऊन दोन कनेक्टेड खाती बनवायची, पहिल्याच्या कॉन्टेक्स्टने एजंटकडून प्राइस करून घ्यायची, आणि मग तीच प्राइस तीनदा मागायची: पहिल्या खात्यातून, दुसऱ्या खात्यातून आणि हेडरविना. पहिल्यांदा मिळाली पाहिजे, उरलेल्या दोन्ही वेळा 404, म्हणजे 'सापडली नाही'. हेडरविनाही मिळाली तर कॉन्टेक्स्ट लागलेलाच नाही. आणि की शक्यतो मर्यादित अधिकारांचीच द्यावी. कॉन्टेक्स्ट कुठे लिहायचे ते ठरवतो. काय लिहू द्यायचे ते ठरवणे की चे काम.

आभारपत्रात मागणे शोभत नाही, तरी एक मागतो. 'अकाउंट' लिहिलेले आहे पण त्यापुढचा क्रमांक रिकामा आहे, अशा वेळी टूलकिटनेच हटून बसावे, विनंती पुढे जाऊ देऊ नये. ती दोन ओळींची तपासणी आम्ही आनंदाने पुसून टाकू.

कळावे, लोभ असावा.

टूलकिट रोज वापरणारे काही मराठी प्रोग्रॅमर