सुहासला पत्र: मोत्या, मनी आणि उन्हाळ्यातल्या पिसवा-गोचीड

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आत्ताच वाचलं. आधी एकच गोष्ट सांगतो, बाकीचं मागून. तुझ्या कुत्र्याच्या, मोत्याच्या मानेवर टाकायचे पिसवांच्या औषधाचे जे थेंब आणले आहेस, त्यातले निम्मे मनी मांजरीला टाकावेत असं तू लिहिलं आहेस. ते करू नकोस. निम्मे नाहीत, एक थेंबसुद्धा नाही. कुत्र्यांच्या अशा बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याचं यकृत त्याची विल्हेवाट लावू शकतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. औषध अंगात साचत जातं आणि काही तासांत मांजर थरथरायला लागतं, झटके येतात, जीवही जातो. पाकिटावर मांजरांसाठी असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते मनीसाठी विषच समज. मोत्याला परमेथ्रिन लावलंस तरी त्याची मान पुरती सुकेपर्यंत मनीला वेगळ्या खोलीत ठेव. ती त्याला चाटते आणि त्याच्या कुशीत झोपते हे मी पाहिलं आहे. चुकून तिला लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण यांनी लगेच धुऊन काढ आणि तडक डॉक्टरांकडे ने. आणि थरथर सुरू झालेली दिसली तर धुण्यातही वेळ घालवू नकोस.

आता तुझा मूळ प्रश्न. मोत्याला आंघोळ घातली, शाम्पू लावला, पिसवा गेल्यासारख्या वाटल्या, आणि आठवडा उलटायच्या आत तो पुन्हा खाजवायला लागला. तू म्हणतोस औषधात दम नाही. मला तसं वाटत नाही. तू मोत्याला धुतलंस, पण पिसवांचं घर मोत्या नाहीच. त्यांचं घर म्हणजे तुझं घर.

मोठी पिसू जनावराच्या अंगावर राहते, रक्त पिते, आणि पहिलं रक्त मिळाल्यापासून दीड दिवसाच्या आत अंडी घालायला लागते. भरात असताना एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालते. ती गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. मोत्या जिथे बसेल, अंग झटकेल, उडी मारून सोफ्यावर चढेल तिथे तिथे ती गळत जातात. त्यांतून निघालेल्या अळ्यांना उजेड सोसत नाही, म्हणून त्या गालिच्याच्या मुळाशी, फटीत, गादीखाली शिरतात. खातात काय, तर मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्त. तेही अंड्यांबरोबर वरून पडतच असतं. पशुवैद्यकातला ढोबळ हिशेब असा की घरातल्या एकूण पिसवांपैकी पूर्ण वाढलेल्या आणि अंगावर दिसणाऱ्या जेमतेम 5 टक्के असतात. उरलेल्या 95 टक्के अंडी, अळ्या आणि कोष या रूपात घरभर पसरलेल्या असतात. तू त्या 5 टक्क्यांना आंघोळ घातलीस.

यात सगळ्यात चिवट अवस्था कोषाची. अळी आपल्याभोवती चिकट धाग्यांचा कोष विणते, त्याला धूळ आणि केस चिकटतात आणि तो ओळखूही येत नाही. फवारणीचं औषध त्याच्या आत पोचत नाही. आत तयार झालेली पिसू तशीच कित्येक महिने थांबू शकते, आणि बाहेर कोणी चाललं, जमीन हादरली, अंगाची ऊब किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की क्षणात बाहेर येते. सुट्टीवरून परतल्यावर बंद घरात पाऊल टाकताच पायाला चावे बसतात ते यामुळेच. तेव्हा औषध सुरू केल्यावरही दोनतीन आठवडे, कधी त्याहून जास्त, नव्या पिसवा दिसत राहतील. त्या जुन्या कोषांतून येत असतात. मोत्याच्या अंगावर चढल्या की औषधाने मरतील, नवी अंडी पडणार नाहीत, आणि साठा हळूहळू रिकामा होईल. म्हणून निदान तीन महिने खंड पडू देऊ नकोस. लोक नेमके दुसऱ्या महिन्यात थांबतात, कारण तोवर खाजवणं कमी झालेलं असतं, आणि मग सगळं पहिल्यापासून.

उन्हाळ्यातच हे का उसळतं असंही विचारलं आहेस. कडक ऊन पिसवांना मानवत नाही. तापमान 35 अंशांच्या वर बराच वेळ राहिलं किंवा हवेतला दमटपणा 50 टक्क्यांच्या खाली गेला की अळ्या वाळून मरतात. पण तुझ्या पलंगाखाली, सोफ्याच्या खोबणीत, मोत्याच्या अंथरुणाखाली ऊन कुठे पोचतं? तिथे सावली आहे, उबारा आहे, जनावराच्या अंगाची ओल आहे. अशा जागी अंड्यापासून पिसू व्हायला तीनेक आठवडे पुरतात. थंडीत त्यालाच महिने लागतात. आणि उकाड्यावर एखादी सर येऊन हवा दमट झाली, की बाहेरही त्यांना रान मोकळं.

पिसवा आहेत की नाहीत याची खात्री करायची असेल तर बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळापाशी आणि मानेवर केस विंचर. निघालेली काळी कसपटं ओल्या पांढऱ्या कागदावर ठेव. भोवती तांबूस डाग पसरला तर ती साधी धूळ नाही, पचलेलं रक्त आहे. मनीचं मात्र बारकाईने पाहा. मांजरं इतकी चाटून स्वच्छ राहतात की पिसवाही गिळून टाकतात आणि अंगावर काहीच सापडत नाही. गिळलेल्या पिसवेतून पट्टकृमी, म्हणजे चपटा जंत, पोटात जातो. शेपटीखाली किंवा तिच्या अंथरुणात तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो झालाच म्हणून समज. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचीच ॲलर्जी असते. त्यांच्या बाबतीत दोनचार चावेही पुष्कळ होतात, कमरेपासून शेपटीपर्यंत केस झडून कातडी लाल होते. मोत्याचं तसं झालं असेल तर नुसत्या पिसवा मारून भागणार नाही, कातडीचा उपचार वेगळा घ्यावा लागेल.

घरासाठी माझा पहिला भरवसा व्हॅक्यूम क्लीनरवर आहे. औषधाची फवारणी दुसऱ्या नंबरवर. सुरुवातीला रोज फिरव: गालिचे, सोफ्याच्या गाद्यांच्या मधली जागा, पलंगाखाली, जमीन आणि भिंत मिळते ती फट, गाडीतली मागची सीट. त्याच्या थरथरीने कोषांतल्या पिसवा बाहेर येतात, म्हणजे उलट बरंच. बाहेर आल्यावरच औषध त्यांना गाठतं. काम झालं की आतली पिशवी किंवा कचरा घट्ट बांधून लगेच घराबाहेर टाक. मोत्याची आणि मनीची अंथरुणं, उशांचे अभ्रे, पायपुसणी आठवड्याला किमान 60 अंशांच्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळव. अंथरूण नेताना झटकू नकोस, गुंडाळून ने, नाहीतर अंडी सगळ्या घरात सांडतील. फवारायची वेळ आलीच तर ज्यात मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन आहे असं औषध निवड. त्यांनी अळ्यांची वाढ थांबते, नुसत्या मोठ्या पिसवा मारणाऱ्या फवाऱ्याने ते काम होत नाही. फवारताना मुलं, मोत्या, मनी सगळे बाहेर, आणि जमीन सुकून हवा खेळेपर्यंत आत नाही. तुझ्याकडे मासे आहेत ना? टाकी झाकून घे आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद कर. या फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइड गटातली, म्हणजे परमेथ्रिनच्या जातीची औषधं माशांना फार घातक.

आता गोचीड. भिंतीवर छताजवळ दोन चढताना दिसले असं तू लिहिलं आहेस, आणि खरं सांगू, पिसवांपेक्षा त्याची मला जास्त काळजी वाटते. बहुतेक जातींचे गोचीड घरात फार दिवस टिकत नाहीत, त्यांना गवत आणि ओल लागते. पण कुत्र्याचा तपकिरी गोचीड वेगळा. तो सगळं आयुष्य घरात काढू शकतो. पिल्लू असताना, मग जरा वाढल्यावर आणि मग मोठा झाल्यावर असा तीनदा तो कुत्र्यावर चढतो, रक्त पितो आणि उतरून फटीत जाऊन कात टाकतो. शेवटी फुगलेली मादी खाली उतरते आणि दाराच्या चौकटीमागे, भिंतीच्या भेगेत, पडद्यांच्या घडीत हजारो अंडी घालून मरते. हे वर चढतात, म्हणून नुसती जमीन साफ करून उपयोग नाही. चौकटी, तसबिरींच्या मागच्या बाजू, छताचे कोपरे बघ आणि भेगा बुजवून टाक. मोठा गोचीड रक्ताशिवाय कित्येक महिने जगतो, तेव्हा उपासमारीने मरतील या आशेवर राहू नकोस. भिंतीवर खरंच पुष्कळ दिसायला लागले तर कीडनियंत्रणवाल्याला बोलाव, पण घरात मांजर आणि मासे आहेत हे त्याला आधी सांग.

फिरायला नेऊन आणलं की मोत्याला रोज हाताने चाचपायचं. कानाच्या आत, पापण्यांजवळ, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीखाली, आणि बोटांच्या मधे, जिथे कुणी बघत नाही. सापडला तर टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून, तोंडाशी पकड आणि सरळ वर, एकसारख्या ओढीने काढ. पोट दाबू नकोस, हिसका देऊ नकोस. काडी पेटवून चटका देणं, रॉकेल किंवा व्हॅसलीन लावून तो सुटायची वाट पाहणं, हे सगळं बंद. त्याने तो लाळ आणखी आत सोडतो. काढलेला गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाक, बोटांनी चिरडू नकोस. जागा साबणाने धू आणि स्वतःचे हातही.

एवढं सांगतोय कारण गोचीड रक्त पितात तेवढ्यावर थांबत नाही. त्यांच्यातून कुत्र्याला एर्लिकिया आणि बबेसिया होतात, आपण ज्याला गोचीड ताप म्हणतो तो. चावल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, कुत्रा खाणं टाकतो, पडून राहतो. एर्लिकियात रक्तातले प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घटतात, नाकातून रक्त येऊ शकतं, अंगावर लाल ठिपके उठतात. बबेसियात तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या पांढुरक्या पडतात आणि लघवी गडद होते. मोत्याचा ओठ आत्ताच वर करून बघ. निरोगी हिरडी गुलाबी असते. फिकी दिसली तर हे पत्र बाजूला ठेव आणि त्याला घेऊन नीघ. वेळेवर कळलं तर हे आजार बरे होतात. एर्लिकियाला साधारण चार आठवडे डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक देतात, आणि कुत्रा हिंडायला लागला म्हणून ते मधेच सोडायचं नसतं. दुखणं आत दबून राहिलं तर काही महिन्यांनी अस्थिमज्जेवर बेततं.

औषध कोणतं हे डॉक्टरांना ठरवू दे, पण काय विचारायचं ते सांगतो. तोंडातून द्यायच्या गोळ्यांत फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर अशी एका गटातली औषधं येतात. पिसवा आणि गोचीड दोन्हींवर चांगली चालतात, आंघोळीने धुऊन जात नाहीत. मात्र गोचीड चावल्यावरच मरतो. या गटामुळे काही जनावरांना झटके येऊ शकतात असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, 2018 साली दिला होता, म्हणून मोत्याला लहानपणी एकदा झटका आला होता हे डॉक्टरांना आठवणीने सांग. थेंबच टाकायचे ठरले तर केस बाजूला करून कातडीवर टाक, मानेच्या मागे, जिथे त्याची जीभ पोचत नाही. आणि आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नाही. डोस वजनावर ठरतो, तेव्हा दोघांचं वजन आजच कर. गुरांसाठीचं गोचिडांचं औषध किंवा आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध अंदाजाने देण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. कोली जातीच्या कितीतरी कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस झेपत नाही, आणि मोत्यात कुठली जात मिसळली आहे हे तुला-मला कुठे ठाऊक आहे? औषध घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच वेळी, ज्याला त्याचं त्याचं. मनी बाहेर जात नाही म्हणून ती सुटली असं नाही.

वहिनी लसूण खायला घालायचं म्हणत होत्या ना? त्यांना माझा नमस्कार सांग आणि तेही थांबव. लसणाने कुत्र्याच्या आणि मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. टी ट्री तेल तर घरातच नको. फणी मात्र घरगुती असली तरी खरी कामाची आहे. फणी फिरव, साबणाच्या पाण्यात बुडव, पिसवा बुडून मरतात. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना बहुतेक औषधं चालत नाहीत, त्यांना तर फणीचाच आधार.

अंगणातलं गवत कापून टाक आणि कुंपणाजवळचा पालापाचोळा काढ. भटकी मांजरं जिथे बसतात त्या सावलीच्या जागा आधी साफ कर, उघड्या उन्हातली जमीन राहू दे.

डॉक्टरांकडे रक्ताची तपासणी मागून घे, ताप नसला तरी. भिंतीवर गोचीड दिसताहेत म्हणजे मोत्याला चावून झालेले आहेत. प्लेटलेट किती आले ते मला लगेच कळव, आणि हिरड्यांचा रंग आजच.

तुझा,
अनिल

ता. क. मनीसाठी सेलामेक्टिनबद्दल विचार. मानेवर टाकायचं ते मांजरांचं औषध पिसवांवर चालतं. पण तेही तिचं वजन सांगूनच घे.