सात दसऱ्यांची एकच फाईल : वहिनींना आभाराचं पत्र

मालवण,
मार्गशीर्ष

वहिनी,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुम्ही आमच्या प्रेसमध्ये आलात त्या दिरांच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला. पाच मिनिटांचं काम. मध्ये रात्री घरी जाऊन परत आलात, आणि शेवटी उठलात दुसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला, तेही घरून तिसरा फोन आल्यावर. पैशांचा विषय काढला तेव्हा ‘पत्रिका वेळेवर द्या’ एवढंच म्हणालात, आणि नाव कुठे लिहायचं नाही अशी अट घातलीत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय खरा, पण नुसतं ‘वहिनी’ म्हणून.

बाकीच्यांना आधी थोडं सांगायला हवं. आमची प्रेस आजोबांपासूनची. बाबा लहानपणी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला शिकले, पुढे मिनी ऑफसेट आलं, मग कॉम्प्युटर. पत्रिका, दशावतारी नाटकांची हँडबिलं, गणपतीची पावतीपुस्तकं, सगळं बाबा पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये लावतात, विंडोज एक्सपीवर, आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉण्टांत. या फॉण्टांत ‘क’ हा खरा ‘क’ नसतो, इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं चित्र असतं. फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. वर तो फॉण्ट चालायला मशीनच्या मागे यूएसबीचा डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लागतो. थोडक्यात, ते मशीन म्हणजे आमचा खिळ्यांचा घोडाच. तो मोडला तर पंचवीस वर्षांची कामं नुसती कचरा.

२०१४ च्या पावसाळ्यात ते मूळ मशीन गेलंच. खाऱ्या हवेने बोर्डाचे टाके हिरवे झाले होते. त्याच वर्षी ८ एप्रिलला एक्सपीचा सपोर्टही संपला होता. भाच्याने हार्डडिस्क वाचवली, तिची व्हर्च्युअल डिस्क केली, म्हणजे अख्खी डिस्क एका फाईलमध्ये बसवली, आणि लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मशीनच्या आत मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक्सपी चालू करून दिला. परकायाप्रवेश म्हणा. त्याचे उपकार आहेतच. पण त्यानंतर अकरा वर्षं बाबा खिडकीच्या आत खिडकी उघडून काम करत होते. बाहेरची फुली दाबली की आतला एक्सपी बंद, लॅपटॉप झोपला की डोंगल हरवला, माउस आत अडकला की उजवं कंट्रोल. बाबा पंच्याहत्तरीचे. ‘माका एकच खिडकी व्हयी’, हे ते रोज म्हणायचे आणि मी रोज ‘बघतो’ म्हणायचो.

त्या दिवशी तुमच्यासमोरच त्यांनी चुकीची फुली दाबली. ‘पॉवर ऑफ’वर टिचकी गेली आणि ‘चि. सौ. कां.’पर्यंत लावलेलं प्रूफ उडालं. तुम्ही हसला नाहीत. खुर्ची ओढून बसलात आणि विचारलंत, ‘काका, हे मशीन खऱ्या डिस्कवर उतरवलं तर चालेल?’

डिस्क मी आणून ठेवली होती, १२० जीबीची एसएसडी. कुडाळहून जुना कोअर टू ड्युओ कॉम्प्युटरही उचलला होता. दोन महिने दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत पडून होते, कारण पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. माझी कल्पना अशी, की व्हर्च्युअल डिस्कची ती भली मोठी व्हीडीआय फाईल नव्या डिस्कवर कॉपी करायची आणि झालं. तुम्ही समजावलंत, की तसं केलं तर डिस्कवर एक फाईल पडेल, डिस्क तयार होणार नाही. व्हर्च्युअल डिस्कच्या आत जी सेक्टरं, म्हणजे साठवणीची बारीक घरं, आहेत, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत खऱ्या डिस्कच्या सेक्टरांवर लिहावी लागतात.

मी ऐटीत सांगितलं की बॅकअप आहे. दर दसऱ्याला मशीनची पूजा झाली की ती व्हीडीआय बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करायची, झेंडूचं फूल ठेवायचं आणि डिस्क कपाटात. २०१९ पासून एकही दसरा चुकवला नाही.

तुम्ही फाईलची तारीख बघितलीत. मग स्नॅपशॉट नावाचं फोल्डर उघडलंत. मग काही वेळ नुसत्या गप्प बसलात, आणि मला वाटतं तेव्हा मला कसं सांगावं याचाच विचार करत होतात.

भाच्याने जून २०१९ मध्ये काहीतरी नवं टाकण्याआधी खबरदारी म्हणून स्नॅपशॉट घेतला होता, आणि तो तसाच राहिला. स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हीडीआय गोठते. त्यानंतरचा प्रत्येक बदल वेगळ्या फाईलमध्ये साठत जातो, त्या फोल्डरात. म्हणजे मी सात दसरे एकच फाईल कॉपी करत होतो. जून २०१९ नंतरची एकही पत्रिका, एकही हँडबिल माझ्या बॅकअपात नव्हतं. तो लॅपटॉप मधल्या काळात गेला असता तर आम्ही साडेसहा वर्षं मागे गेलो असतो आणि मी छातीठोकपणे म्हणत राहिलो असतो की बॅकअप आहे.

हे ऐकल्यावर माझ्या पायातलं बळ गेलं. बाबा समोर होते. तुम्ही त्यांच्याकडे न बघता म्हणालात, ‘मशीन नीट आहे ना आज? मग काहीच गेलेलं नाही. ही चूक आमच्याकडे मोठमोठी माणसं करतात.’ शेवटचं वाक्य खरं होतं की माझ्यासाठी होतं ते मी विचारलं नाही. या पत्राचं मूळ कारण ते वाक्य आहे. एक्सपी काय, कोणीतरी कधीतरी उतरवला असता.

पुढचं काम बघताना मजा आली. तुम्ही आधी एक्सपी रीतसर शट डाउन केलात, मग ‘करंट मशीन स्टेट’ निवडून पूर्ण क्लोन काढलात, म्हणजे मूळ आणि स्नॅपशॉट मिळून आजच्या तारखेची एकच डिस्क. मूळ मशीनला पुन्हा हात लावला नाहीत. क्लोनमध्ये शिरून गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सपुरते लागणारे जोडप्रोग्रॅम, काढलेत, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क हाताळणाऱ्या आयडीई कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलून ‘स्टँडर्ड ड्युअल चॅनल’वाला घातलात. एक्सपीला आतापर्यंत व्हर्च्युअलबॉक्सने दाखवलेला इंटेलचा कंट्रोलर तेवढा माहीत. नव्या बोर्डावर वेगळा कंट्रोलर दिसला तर स्वतःचीच डिस्क त्याला सापडणार नाही. म्हणून त्याला आधीच सर्वसाधारण ड्रायव्हर देऊन ठेवायचा. परगावी पाठवताना पोराच्या खिशात पत्ता लिहून ठेवतात, तसं.

मग त्या क्लोनची रॉ इमेज, म्हणजे रिकाम्या जागेसकट जशीच्या तशी नक्कल, केलीत. २२ जीबीची फाईल ४० जीबीची झाली. मी दचकलो, पण बाबांना ते लगेच कळलं. खिळ्यांच्या काळात कोऱ्या जागेतही शिशाचे ठोकळे भरावे लागत, नाहीतर फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची चौकट, आवळताच येत नसे. कागदावर काही उमटत नाही, पण वजन असतंच. तुम्ही म्हणालात, वाढत जाणाऱ्या व्हर्च्युअल डिस्कचं आणि रॉ डिस्कचं नातं याहून चांगलं कोणी सांगितलेलं नाही. तेव्हापासून बाबा हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. आम्ही आता ऐकून ऐकून दमलो आहोत.

आणि मग तो क्षण. लॅपटॉप लिनक्सच्या पेनड्राईव्हवरून चालू केलात आणि डिस्कांची यादी काढलीत. एसडीए लॅपटॉपची, एसडीबी पेनड्राईव्ह, एसडीसी माझी बाहेरची हार्डडिस्क, एसडीडी नवी एसएसडी. इमेज डिस्कवर उतरवणाऱ्या डीडीची आज्ञा लिहिलीत, पण एंटर मारला नाहीत. म्हणालात, इथे एक अक्षर चुकलं तर तो विचारत नाही, समोर असेल ती डिस्क पुसून लिहितो. मग बाबांना म्हणालात, ‘काका, प्रूफ वाचा.’

बाबांनी चष्मा लावला. पत्रिकेचं प्रूफ वाचतात तसं, बोट ठेवून, एकेक अक्षर मोठ्याने. ‘सावकाश वाच गो माझ्यावांगडा, एक अक्षर चुकला तर लगीन मोडता.’ मध्येच थांबून विचारलं, १२० ची डिस्क सांगून १११.८ कशी दिली, दुकानदाराने फसवलं काय? तुम्ही न कंटाळता हजार आणि एक हजार चोवीसचा फरक सांगितलात, कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसने. बाबांचं समाधान झालं असं नाही. पण एसडीडी बरोबर आहे, असा शेरा त्यांनी दिला, आणि तुम्ही एंटर मारलात.

पाऊण तास लागला. त्यात एकदा लाईट गेली. इन्व्हर्टर होता म्हणून निभावलं. आई भाकरी आणि तिसऱ्यांचं सुकं घेऊन आली, आणि तुम्ही जेवताना एक डोळा स्क्रीनवरच ठेवला होतात.

पहिल्यांदा चालू केल्यावर निळा पडदा आला, शेवटी ७बी, म्हणजे डिस्क सापडत नाही. माझ्या पोटात गोळा. तुम्ही ‘हं’ म्हणालात, बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन साटाचा, म्हणजे डिस्क जोडण्याचा, मोड एएचसीआयवरून जुना आयडीई केलात, कारण एक्सपीकडे एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातच नसतो. आणि मग एक्सपीच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी आली, निळ्या आभाळाखालची. तो फोटो कॅलिफोर्नियातला आहे म्हणे, पण श्रावणात आमच्या सड्यावर उभं राहिलं की असंच दिसतं. बाबा काही बोलले नाहीत. माउस हलवून बघितला, कोपऱ्यापर्यंत नेला. अडकला नाही.

त्यानंतर ‘नवीन हार्डवेअर सापडलं’च्या चौकटींची रांग लागली, ते सांगत बसत नाही. ड्रायव्हर पेनड्राईव्हवर आधीच उतरवून ठेवायला लावले होतेत, त्यामुळे निभावलं. ॲक्टिव्हेशनही त्याने पुन्हा मागितलं. खोक्यावरची जुनी सीडी-की कामी आली.

मला वाटलं झालं. तुम्ही घरी गेलात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आपणहून परत आलात. रात्री झोपताना आठवलं म्हणालात. एक्सपीने बनवलेलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरवर सुरू होतं. आजच्या डिस्का आतून चार-चार केबीचे गठ्ठे करून लिहितात, म्हणजे आठ-आठ सेक्टर. ६३ ला आठने भाग जात नाही. मग प्रत्येक लिखाण दोन गठ्ठ्यांवर पसरतं, काम दुप्पट आणि डिस्कची झीजही जास्त. छपाईवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मार्जिन एका सुताने सरकलं की पुढचं प्रत्येक पान दुमडीवर येतं. तुम्ही जीपार्टेड नावाच्या प्रोग्रॅमने अख्खं पार्टिशन सरकवून २०४८ व्या सेक्टरवर आणलंत, त्याला आठने भाग जातो. उरलेली जागा मी डी ड्राईव्ह करणार होतो, ती कोरीच ठेवायला लावलीत. एक्सपी एसएसडीला मोकळ्या झालेल्या जागेची खबर देत नाही, तेव्हा डिस्कला श्वास घ्यायला तेवढी जागा हवी, म्हणालात.

डोंगल मागे लावला. पेजमेकर उघडला. जून २०१९ नंतरची फोल्डरं बाबांनी एक-एक उघडून बघितली, आणि प्रिंटरमधून ट्रेसिंग निघालं तेव्हा आईला हाक मारली.

एका बाबतीत तुमचं आमचं पटलं नाही, तेही लिहून टाकतो. तुम्ही म्हणालात, हे सगळं तात्पुरतं आहे, कामं हळूहळू युनिकोडमध्ये न्या, जुनं हार्डवेअर किती दिवस शोधणार? बाबा उठून बाहेर गेले. तुमचं बरोबर आहे हे मला कळतं. पण हा लग्नांचा मोसम, त्यात आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलावर, ती ठरली की हातात थोडेच दिवस. या दिवसांत बाबांच्या हाताखालून त्यांचा कीबोर्ड काढून घेणं मला जमणार नाही. नवी गिऱ्हाइकं मी माझ्या मशीनवर युनिकोडमध्ये घ्यायला लागलोय. तेवढं तुमच्या खात्यावर मांडा.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे एक्सपीला नेटची वायर लावलेली नाही, तिचं भोक सेलोटेपने बंद केलंय. कामांचं फोल्डर दर शनिवारी दोन ठिकाणी कॉपी होतं, आणि कॉपी झाल्यावर त्यातली एक ताजी फाईल मी माझ्या मशीनवर उतरवून तिचा आकार आणि तारीख वहीत लिहितो. कपाटातली ती दसऱ्याची डिस्क पुसलेली नाही. वर सुकलेला झेंडू अजून आहे.

दिरांच्या पत्रिका तयार आहेत, पाचशे आणि वर पंचवीस. ‘चि. सौ. कां.’मधला अनुस्वार बाबांनी तीनदा तपासलाय. बिल केलेलं नाही आणि करणार नाही, त्यावर वाद घालू नका. सोबत आईने खाजा दिलाय. पत्रिका न्यायला दिरांना पाठवू नका, तुम्हीच या. बाबांना तुम्हाला काहीतरी दाखवायचंय. मला विचाराल तर मशीन चालू करून दाखवणार आहेत, दुसरं काही नाही.

आपला,
मालवणातला प्रेसवाला