स्टेशनरीतला ‘ई’

भुसावळ, रविवार

चि. ताई, अनेक आशीर्वाद.

सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांनी बँकेच्या परीक्षेत पुन्हा मार्क खाल्ले म्हणालीस. क्लासच्या पुस्तिकेत ते जोडीजोडीनं छापलेत ना, घोळ तिथंच आहे. जोड्या पाठ करू नकोस, एकेक शब्द आला कुठून ते बघ.

आपल्या दुकानाच्या पाटीवरचा ‘स्टेशनरी’च घे. मध्ययुगात युरोपात विद्यापीठांच्या गावी पुस्तकं विकणाऱ्याला लॅटिनमध्ये स्टेशनारियस म्हणत. बाकीचे विक्रेते गाठोडं घेऊन गावोगाव हिंडायचे, हा एका जागी ठाण मांडून बसायचा. आठवडे बाजारात पाल ठोकणारा आणि आपण, तसाच फरक. त्यावरून इंग्रजीत स्टेशनर, आणि तो विकतो ती स्टेशनरी. बेकरची बेकरी, ग्रोसरची ग्रोसरी, तशी. म्हणून शेवटच्या ‘आर’आधी ‘ई’. प्लॅटफॉर्मवर थांबून राहिलेल्या गाडीला लागतो त्या दुसऱ्या ‘स्टेशनरी’त, म्हणजे ‘स्थिर’ या अर्थाच्या शब्दात, ‘ए’. दोन्हींचं मूळ ‘उभं राहणं’ या अर्थाच्या लॅटिन धातूत. आपलं भुसावळ स्टेशनही त्यातलंच, आणि संस्कृतातला ‘स्था’ त्याचा भाऊबंद. आता चुकशील?

कॉम्प्लिमेंट दोन, पण मूळ एकच: भरून काढणं, पुरं करणं. ‘ई’वाला कॉम्प्लीटच्या घरातला, म्हणजे पूरक. ‘आय’वाला इटालियन, फ्रेंच असा फिरून आला आणि येताना शिष्टाचार नि स्तुती घेऊन आला. भरताबरोबर कळण्याची भाकरी, हा ‘ई’वाला. आईच्या भरताला तू देतेस ती दाद ‘आय’वाली. (हल्ली फोनवर तीही देत नाहीस, असं तिचं म्हणणं.)

पीठ आणि फूल, इंग्रजीतले दोन ‘फ्लॉवर’, तर मुळात एकच शब्द. दळून चाळल्यावर हाती येणारा सर्वांत बारीक, चांगला भाग म्हणजे धान्याचं फूल. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशातही दोघांचं स्पेलिंग वेगळं नाही. तेव्हा परीक्षा दिली असतीस तर हा मार्क वाचला असता!

डेझर्टचे दोघे मात्र नात्यातले नाहीत. वाळवंट आलं लॅटिनच्या ‘सोडून जाणं’वरून. जेवणानंतरचं गोड आलं फ्रेंचांच्या ‘ताटं आवरणं’वरून, कारण ताटं उचलल्यावरच ते यायचं. त्या क्रियापदात एक ‘एस’ आधीच्या उपसर्गाचा, दुसरा वाढण्याच्या सर्व्हचा. म्हणून गोडात दोन, वाळवंटात एक.

प्रिन्सिपलची जोडी फोनवर सांगतो. मेसचे पैसे भरलेस का ते कळव.

तुझे अप्पा