रक्त थांबवण्याचं सामान कपाटात नको, कमरेला हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपघाताच्या बातमीत 'अतिरक्तस्रावाने मृत्यू' असं वाचलं की माझी नजर तिथेच अडते. मी चोवीस वर्षं काचकाम करतो. मोठ्या काचा कापायच्या, उचलायच्या, बसवायच्या. दोन वर्षांपूर्वी बसवता बसवता एक काच कोपऱ्यातून तडकली आणि तिच्या धारेने माझ्या जोडीदाराचा हात कोपराच्या खाली चिरला. रक्त ओघळत नव्हतं, ठोक्याठोक्याला उडत होतं. बघता बघता बाही भिजून जड झाली.

आम्ही सहा जण होतो आणि सगळेच धावपळ करत होतो. कोणी पाणी आणलं, कोणी रुमाल बांधला, तो भिजला की त्यावर दुसरा. प्रथमोपचाराची पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुकादमाकडे आणि मुकादम खालच्या मजल्यावर. पेटी उघडली तर आत आयोडीन, कापूस, चिकटपट्ट्या. शेवटी एका रंगाऱ्याने सगळे रुमाल काढून फेकले, दोन्ही तळवे जखमेवर रोवले, अंगाचा भार टाकला आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत हात काढला नाही. जोडीदार वाचला. त्याची दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत.

त्यानंतर मी रीतसर प्रशिक्षण घेतलं. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण ५ लिटर. मोठी धमनी तुटली तर हातात मोजकी मिनिटंच असतात, रुग्णवाहिका कितीही लवकर निघाली तरी. तेव्हापासून माझ्या कमरेच्या पट्ट्याला तळहाताएवढा पाऊच असतो. त्यात एक टूर्निकेट (हातापायाला बांधून, दांडी पिळून आवळायचा रक्त थांबवणारा पट्टा), एक प्रेशर बँडेज (जखमेवर दाब देणारी पट्टी), घडी घातलेला गॉझ (जखमेत भरायचं जाळीदार कापड), हातमोजे, बोथट टोकाची कात्री आणि मार्कर.

टूर्निकेट म्हटलं की लोक घाबरतात, 'हात कापावा लागेल' म्हणतात. मीही तसंच समजत होतो. खरं तर दोन तासांच्या आत तो डॉक्टरांच्या हातून सुटला, तर अवयव जाण्याची भीती फार कमी असते. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून बांधायचा आणि रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची. जखमी ओरडतो, सैल करा म्हणून विनवतो. त्या वेळी मन घट्ट करावं लागतं. बांधल्याची वेळ मार्करने लिहायची आणि पट्टा आपण सोडायचा नाही. सुतळी किंवा तार मात्र नको. ती कातडीत रुतते, आणि वरवरच्या शिरा दबून धमनी चालूच राहिली तर रक्त उलट वाढतं. जांघेत किंवा काखेत पट्टा बसत नाही. तिथे गॉझ जखमेच्या तळापर्यंत ठासून भरायचा आणि वरून जोर लावून दाबून धरायचं. आमच्या धंद्यातल्यांसाठी आणखी एक: रुतलेली काच उपसू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी आधार देऊन बांधा.

स्वस्तातल्या नकली टूर्निकेटची दांडी पिळताना मोडते, म्हणून खात्रीचाच घ्यावा. सरावाला वेगळा ठेवावा, कारण पुन्हा पुन्हा पिळून तो ढिला होतो. पहिल्यांदा एका हाताने स्वतःच्या दंडाला बांधायला मला मिनिटाहून जास्त वेळ लागला होता. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काम सुरू करण्याआधी आम्ही सगळे सराव करतो. तो रंगारीसुद्धा येतो.

कारखानदारांना आणि ठेकेदारांना माझी कळकळीची विनंती आहे की पेटीचं कुलूप आजच काढा. आणि संपादक महोदय, आपल्याकडे विनंती एवढीच, की अशा अपघाताची बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली चौकटीत दोन ओळी द्या: जखमेवरचे कपडे बाजूला करून ती दोन्ही हातांनी जोरात दाबा, मदत पोचेपर्यंत हात उचलू नका.

आपला,
एक काच कारागीर