ताम्हिणी घाटात आधी पाण्याला वाट द्या

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

माझं माहेर माणगावचं, संसार पुण्यात. ताम्हिणी घाट माझ्यासाठी वर्षासहलीची जागा नाही. आजारी आईपाशी लवकर पोहोचायचा तो रस्ता आहे. पाऊस लागला की आमच्या घरात पहिला प्रश्न असतो, ‘घाट चालू आहे ना?’

घाट रुंद करा, असं बरेच जण म्हणतात. वळणावर एसटी आणि ट्रक समोरासमोर आले की मलाही तसंच वाटतं. तरी माझं पहिलं मागणं रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्यांचं आणि गटारांचं आहे.

हा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेला. काळा खडक कठीण, पण त्याला उभ्या भेगा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा, मातीसारखा मऊ पट्टा असतो. भेगांतून मुरलेलं पाणी त्या पट्ट्यावर येऊन अडतं आणि आडवं बाहेर पडतं. श्रावणात कापलेल्या दरडीकडे नीट बघा, एकाच उंचीवर ओलीची रेघ दिसते. तो पट्टा धुपला की वरचा खडक अधांतरी राहतो आणि एक दिवस सुटतो. रुंदीकरणासाठी डोंगराचा पाय तासला की हाच पट्टा उघडा पडतो. म्हणून रुंदीकरणाची मला धास्ती वाटते.

पुण्याकडून मुळशीपर्यंत चढ जाणवतही नाही. पुढे कोकणाच्या बाजूला जमीन एकदम तुटते. कुंडलिकेची खोल दरी, रस्त्याकडेची प्लस व्हॅली, सगळं पाण्यानंच कापलेलं. मुळशी धरणाचं पाणी कड्याखाली भिऱ्याला सोडून वीज तयार करतात. ज्या उतारावर एवढी ताकद आहे, त्याच कड्यावरून आमच्या गाड्या उतरतात. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंत २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. पुण्यात शिवाजीनगरची नोंद तेव्हा ११४ मिलिमीटरच्या आसपास होती. शहरातल्या पावसाचा हिशोब धरून घाटातली मोरी बांधून कसं चालेल?

गेल्या पावसाळ्यात एका वळणावर आम्ही थांबलो होतो. मोरीचं तोंड मुरमानं पाऊण भरलेलं, त्यात पालापाचोळा, वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या. ओहोळ मोरी सोडून डांबरावरून वाहत होता. दरीच्या बाजूची साइडपट्टी त्यानं खाल्ली होती आणि कठड्याच्या दगडाखाली हात जाईल एवढी पोकळी झाली होती. त्या पोकळीतून खालचं धुकं दिसत होतं. वरून गाड्या जातच होत्या.

पूर्वी रस्त्यावर मैलकुली असत, एकेका मैलाची देखभाल करणारे कामगार. आपल्या मैलातली कोणती मोरी कधी तुंबते, हे त्यांना तोंडपाठ असायचं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ताम्हिणी, निवे या गावांतल्या माणसांना तसं काम द्या. मे महिन्यात एकदा सफाई करून भागत नाही, कारण वरून मुरूम रोज थोडा थोडा येतच असतो. जिथे लहान पाइप घातलेत तिथे मोठ्या मोऱ्या बांधा. संरक्षक भिंतींमागे पाणी साचू नये म्हणून त्यांना भोकं ठेवा, आणि ती बुजली नाहीत ना, हे दरवर्षी बघा. एवढं झाल्यावरच रुंदीकरणाचं बघावं, तेही भूगर्भतज्ज्ञाला बरोबर घेऊन, वळणागणिक.

आणखी एक. घाट बंद ठेवावा लागला तर जरूर ठेवा, आमची तक्रार नाही. फक्त तशी पाटी घाटाच्या तोंडाशी न लावता पौडला आणि माणगावला लावा. म्हणजे आजारी माणसाला घेऊन निघालेल्यांना तिथूनच खोपोलीच्या रस्त्यानं वळता येईल.

आपली,
माणगावची एक माहेरवाशीण