शिकवायला निघालेल्या लेकीस

नाशिक

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्यातल्या वस्तीवरच्या अभ्यासिकेत आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवायचे तू ठरवलेस आणि हे काम मी इतकी वर्षे कसे निभावले ते लिहून मागितलेस. फोनवर मी विषय टाळला, कारण बोलू लागलो असतो तर माझे ठरलेले भाषणच सुरू झाले असते.

शिकवण्याची पद्धत ठरवण्याआधी त्या घरांचे वर्ष कसे चालते ते समजून घे. आपल्याकडे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी होते, मग घडांची विरळणी, जानेवारीपासून काढणी आणि काढणीनंतर एप्रिलमध्ये खरड छाटणी. या कामांसाठी पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे बागांवर येऊन राहतात, आणि धाकट्यांना सांभाळायला थोरली मुलेही त्यांच्याबरोबर येतात. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, स्थलांतरित मुलांना जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्डाची सोयही आहे. तरी कार्ड हातात असलेल्या मुलीच्या कडेवर धाकटा भाऊ असेल, तर ती वर्गात बसणार कशी? म्हणून आमचा वर्ग मजुरांच्या मुक्कामाजवळ आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी भरत असे, धाकट्या भावंडांनाही तिथे जागा असे, आणि प्रत्येक धडा त्याच दिवशी पुरा होईल असाच बेतलेला असे, कारण आज आलेले मूल पुढच्या आठवड्यात कोणत्या बागेवर असेल ते त्याच्या आईवडिलांनाही सांगता येत नसे.

दहावी झालेल्या मुलांना मार्गदर्शन करायचे म्हणजे ध्येय, जिद्द वगैरे सांगायचे, अशी आपल्यासारख्या माणसांची समजूत असते. प्रत्यक्षात त्या मुलाला उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज यांत कोणीतरी सोबत हवे असते. तहसील कचेरीच्या रांगेत मुलाशेजारी उभे राहिल्यावर आयटीआयला जायचे की बारावी करायची, हा प्रश्न तो आपणहून काढतो. घरी कर्ज किती आहे हेही तेव्हाच कळते. माझी बरीचशी शिकवणी अशा रांगांतच झाली.

आता लेखक म्हणून मला जड गेलेली गोष्ट सांगतो. अशा वस्तीत लेखकाला कथा फार सहज सापडतात. एखादी मुलगी विश्वासाने घरातले काही सांगते आणि ते ऐकतानाच आपल्या मनात पहिले वाक्य जुळू लागते. मी सुरुवातीपासून एक पथ्य पाळले: वर्गात ऐकलेले माझ्या कथेत येणार नाही. संपादक मित्रांना हा हट्ट वाटे, आणि त्यामुळे माझे लेखन कमी झाले हेही खरे. पण मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसलो असतो, तर मुलांनी मला ऐकवायला सोयीचे तेवढेच सांगितले असते. त्याऐवजी वह्या त्यांच्याच हाती दिल्या. घरी जे बोलता त्याच बोलीत लिहा, शुद्धलेखन नंतर पाहू, एवढीच सूचना असे. बाग, मालक, बैल, मामाचे लग्न यांवर त्यांनी लिहिलेले मी वाचले तेव्हा माझ्या वर्णनांतला गुळगुळीतपणा मला नीट दिसला.

या शहरात लेखकाने लेखनाबाहेर काही करणे नवे नाही. काळाराम मंदिर प्रवेशासाठी १९३० साली सुरू झालेल्या सत्याग्रहात पुढे तरुण शिरवाडकरही, म्हणजे कवी कुसुमाग्रज, सहभागी झाले होते, आणि १९५० साली त्यांनी इथे लोकहितवादी मंडळ ही संस्था उभी केली. त्यांच्याशी माझी तुलना कोणी करू नये. पण नाशकात लिहिणाऱ्या माणसाला ‘मला वेळ नाही’ म्हणताना थोडा संकोच वाटतो, तो त्यांच्यामुळे.

तुझ्या नोकरीचे तास पाहता दोन संध्याकाळी जमणे अवघड दिसते. दोन कबूल करून एक चुकवण्यापेक्षा एकच वार घे, आणि तो मुलांच्या आयांना विचारून ठरव. ज्या आठवड्यात जाणे शक्य नसेल, त्याची कल्पना आधीच्याच आठवड्यात मुलांना दे. मोठ्या टाइपातली चित्रपुस्तके माझ्याकडे आहेत. मुले साधारण कोणत्या इयत्तांतली आहेत ते कळव, म्हणजे तशी निवडून पाठवतो.

तुझा,
बाबा