मथळ्यातल्या आकड्याला माणसांनी भागा

महोदय,

सॉफ्टवेअर कंपनीने गुंतवणूकदार आणि पत्रकारांपुढे पाच वर्षांचे धोरण मांडले, की दुसऱ्या दिवशी उत्पन्नाचे उद्दिष्ट मथळ्यात झळकते. तेवढे उत्पन्न किती माणसांच्या जिवावर काढणार, हा साधा भागाकार बातमीत सहसा नसतो.

इन्फोसिसचेच पाहा. विशाल सिक्का मुख्याधिकारी असताना २०१५ मध्ये तीन उद्दिष्टे जाहीर झाली: २०२० पर्यंत २० अब्ज डॉलर उत्पन्न, ३० टक्के ऑपरेटिंग मार्जिन (म्हणजे उत्पन्नातून कामकाजाचा खर्च वजा जाता उरणारा नफा) आणि दर कर्मचाऱ्यामागे ८० हजार डॉलर महसूल. २० अब्जांना ८० हजारांनी भागले, की अडीच लाख माणसे येतात. मार्च २०२० मध्ये कंपनीत माणसे होती २ लाख ४२ हजार. म्हणजे भरती जवळपास हिशेबाप्रमाणे झाली, उत्पन्न मात्र १२.७८ अब्जांवर अडले. माणशी महसूल पाच वर्षांत सुमारे ४९ हजारांवरून जेमतेम ५३ हजारांवर सरकला. ऑटोमेशनच्या जोरावर तेवढ्याच माणसांकडून अधिक मोलाचे काम होईल, हा धोरणाचा कणा. गाडे तिथेच रुतले. सिक्का २०१७ मध्येच बाहेर पडले हे खरे. पण तेव्हाच्या ८.७ अब्जांवरून २० अब्ज गाठायला दरसाल १८ टक्के चक्रवाढ लागते, हे पहिल्याच दिवशी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दिसत होते.

दुसरी गफलत चलनाची. याच काळात उत्पन्न ५३,३१९ कोटी रुपयांवरून ९०,७९१ कोटींवर गेले, म्हणजे ७० टक्के वाढ. डॉलरमध्ये ती ४७ टक्केच भरते. मधला फरक घसरलेल्या रुपयाचा आहे, धोरणाचा नव्हे.

मोठ्या कंत्राटांचेही तसेच. ५० कोटी डॉलरचे काम पाच वर्षांचे असेल तर वर्षाला सरासरी १० कोटीच पडतात. शिवाय त्यात जुन्याच कंत्राटाचे नूतनीकरण किती आणि नवे काम किती, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

पत्रकार परिषदेत एवढा खल करायला वेळ नसतो, मान्य. पण तिमाही निकालानंतर गुंतवणूक विश्लेषकांशी झालेल्या संभाषणाचा शब्दशः उतारा पाच कामकाजी दिवसांत संकेतस्थळावर टाकणे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सूचीबद्ध, म्हणजे बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांना बंधनकारक केले आहे. त्यातले सुरुवातीचे निवेदन वगळले तरी चालेल, ते लिहून आणलेलेच असते. माल असतो प्रश्नोत्तरांत. त्यावरून आठवड्याने अर्थविषयक पानावर चार ओळी आल्या, तरी आम्हा वाचकांना पुरेत.

— एक वाचक, पुणे